अकरा घरांतला पाहुणा

पूज्य आत्या,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालतो आहे. प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, कारण कंबर धरली आहे. ती का धरली ते पुढे येईलच.) तुझी प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली कपाटात आणि तू अंगणात, असं चाललं आहे? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे तुझी भाचेसून ठीक आहे आणि मी आहे तसा आहे.

दोन महिने पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. पण आत्या, यातले तीन आठवडे मी लोकांच्या चुलीपुढे बसून काढले, आणि ते बसणं असं अंगाशी आलं की हल्ली टपालवाला दुरून दिसला तरी मी दाराआड होतो. रोज फोन करतो, पण फोनवर हे सांगता येत नाही; फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि बाहेरच्या खोलीत तुझी भाचेसून आहे. म्हणून लिहितो. चष्मा लावून एका बैठकीत वाच. मध्येच ठेवून दिलंस तर माझ्याबद्दल गैरसमज व्हावा अशा जागा या पत्रात बऱ्याच आहेत.

तुला ठाऊकच आहे, मी बावीस वर्षं आकडेवारीच्या कचेरीत आहे. कोणत्या वयाचा माणूस दिवसाला किती ग्रॅम डाळ खातो हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण त्यातला एकही माणूस मी प्रत्यक्ष जेवताना पाहिला नव्हता. मी आपला टेबलाशी बसून आलेले तक्ते तपासायचो. यंदा आहाराची मोठी पाहणी निघाली आणि घरोघर फिरणारी माणसं कमी पडली. एकाने नोकरी सोडली, एकीला बाळ झालं, एकाला कुत्रा चावला. (पाहणीच्याच घरचा. त्या कुत्र्याने काय खाल्लं याची नोंद कुठे करायची, यावर कचेरीत दोन दिवस खल झाला.) तेव्हा आमच्या मॅडमनी चष्म्यावरून सगळ्या टेबलांवर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी खाली वाकून पडलेली पेन्सिल शोधायला लागलो. पेन्सिल पडलीच नव्हती, हे त्यांनाही दिसत होतं.

दोन दिवस शिकवणी झाली. त्यात आम्ही एकच उकडलेला बटाटा चाळीस वेळा वजन केला आणि चाळीस वेळा वेगळा भरला. मग माझ्या खांद्यावर एक पिशवी आली. दोन काटे, एक पातेल्यांसाठी आणि एक मिठामसाल्यासाठी. मापाच्या वाट्या, चमचे. भाताचे लहान, मध्यम आणि मोठे ढीग छापलेलं चित्रांचं पुस्तक. आणि सूचनांची पुस्तिका. पिशवीचं वजन नऊ किलो. (केलं. काटा हातात आला की माणूस काहीही वजन करतो.) चौदा घरं, प्रत्येक घरी लागोपाठ तीन दिवस, शेजारशेजारची दोन घरं एका वेळी. शिजवायच्या आधी कच्चं वजन करायचं, शिजल्यावर पातेलं, मग प्रत्येकाचं ताट, मग ताटात उरलेलं, आणि शिवाय आदल्या चोवीस तासांत काय काय पोटात गेलं ते विचारायचं. हे सगळं बुटक्या स्टुलावर बसून. कंबरेचं कळलं ना आता?

आत्या, लोकांना वाटतं आपण काय खातो ते आपल्याला माहीत असतं. साफ खोटं आहे. एका घरी मी साधा प्रश्न विचारला, काल संध्याकाळी भाजी कोणती होती? सासरे म्हणाले भेंडी. सून म्हणाली वाटाणा. मुलगा म्हणाला, काल भाजी नव्हतीच. पाऊण तास वाद झाला, त्यात सहा वर्षांपूर्वीचं काहीतरी निघालं, सून रडत आतल्या खोलीत गेली, आणि शेवटी कळलं की सासरे काल मित्राकडे जेवून आले होते आणि घरी येऊन पुन्हा जेवले होते. मी दोन्ही जेवणं लिहिली. ते मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, एक खोडता येईल का? दुसऱ्या एका घरी, गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांकडे, माणसं तीन आणि ओट्यावर पातेली अकरा. लग्नघर म्हणावं असा थाट. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मास्तरीणबाई पदराने वारा घेत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, ‘आज शेवटचा दिवस ना? मग उद्यापासून आम्ही आमचं जेवू.’ तिथेच मी एकशे चाळीस ग्रॅमचा मासा वजन करून ठेवला आणि आकडा लिहायला मान खाली घातली तेवढ्यात तो मांजराने नेला. मांजराला रकाना नाही. कचेरीत फोन केला तर पलीकडून विचारलं, मांजर घरचं की बाहेरचं? मला सांगता येईना. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते ठीक आहे, पण त्या चुलीपुढे काटा घेऊन बसलं की जो तो चोरासारखा वागायला लागतो. आणि सगळ्यात जास्त चोरासारखं कोणाला वाटत होतं, तर मला.

त्याला कारण होतं. पुस्तिकेतलं कलम सात म्हणतं, सर्वेक्षकाने पाहणीच्या घरी अन्नग्रहण करू नये. कलम एकोणीस म्हणतं, पाहणीच्या दिवशी घरातलं अन्न ज्या कोणा बाहेरच्या व्यक्तीने खाल्लं असेल तिची ‘पाहुणा’ म्हणून वय आणि कामाचं स्वरूप यांसह नोंद करावी, एकही घास सुटू नये. पहिल्याच घरी, शिंपीणबाईंकडे, मी कलम सात पाळायला गेलो. मी भाताचं पातेलं काट्यावर ठेवलं, त्यांनी ते उचललं. मी पुन्हा ठेवलं, त्यांनी पुन्हा उचललं. हातात वाढायचा डाव होता.

‘झाकणं उघडून बघता, वजनं करता, आणि बसा म्हटलं तर नको म्हणता. म्हणजे आमच्या हातचं खाण्यासारखं नाही, असंच ना?’

मी म्हटलं, तसं नाही, नियम आहे. त्या म्हणाल्या, मग नियमालाच वाढते, तुम्ही जा. आकडे हवे असतील तर जेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी शास्त्रासाठी जेवलो, आत्या. पहिली वाढणी शास्त्रासाठीच होती. दुसरीबद्दल मी तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं की माझी साखर काठावर आहे, आणि तुझ्या भाचेसुनेने ते असं ऐकलं की मी काठावरून पडलोच आहे. तेव्हापासून घरी उकडलेला दुधी. सोमवारी दुधी, मंगळवारी दुधी. बुधवारी बदल म्हणून त्याच दुधीच्या लांबट फोडी. अशा माणसासमोर शिंपीणबाईंनी दह्याची वाटी ठेवली. काय करणार?

कलम सात मोडलं खरं, पण बावीस वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाच्या हातून खोटी नोंद होईना. म्हणून मी कलम एकोणीस काटेकोर पाळलं. स्वतःचं ताट वजन केलं, उरलेलं वजन केलं (काही उरलं नाही), आणि पाहुण्याच्या रकान्यात लिहिलं: पुरुष, वय एकोणपन्नास, बैठं काम. पुढच्या घरीही तेच झालं. त्याच्या पुढच्या घरीही. चोरी करून स्वतःच पावती फाडणारा चोर तू पाहिला आहेस का? रोज संध्याकाळी घरी येऊन मी दुधी चिवडत बसायचो, आणि तुझी भाचेसून म्हणायची, बघा, भूकसुद्धा कमी झाली, डॉक्टरांना सांगायला हवं. मी खाली बघायचो. खाई त्याला खवखवे, ते हे असं.

आता मूळ गोष्ट सांगतो. बारावं घर एका घड्याळजींचं. वय चौऱ्याहत्तर, एकटे, बंद पडलेल्या वह्यांच्या दुकानावर एक खोली, तिला इतका अरुंद जिना की पिशवी आधी आणि मी मागाहून. भिंतीवर सात घड्याळं, आणि सातही एकच वेळ दाखवणारी. येण्याआधी पंधरा दिवस आम्ही पूर्वसूचनेचं पत्र पाठवतो, ते त्यांनी टाचणीने दाराच्या आत लावलं होतं. मी पोचलो तेव्हा डाळ धुऊन ठेवलेली, बटाटे सोललेले, आणि दोन ताटं पालथी घातलेली. भात किती मिनिटं, डाळ किती मिनिटं, सगळं घड्याळ बघून. उकडलेलं अंडं त्यांनी दोऱ्याने कापलं. दोन्ही अर्धी मी वजन केली, एका ग्रॅमचाही फरक नव्हता. मी नेहमीप्रमाणे नको नको म्हटलं, पण मनापासून नाही, आणि ते म्हणाले, ‘बसा हो. एकट्याचं काय वजन करायचं?’

तीन दिवस मी त्यांच्याकडे जेवलो. ते हळू जेवायचे आणि खूप बोलायचे. कोणत्या घड्याळाची स्प्रिंग कशी असते, गिऱ्हाईक घड्याळ पडलं हे कधी कबूल करत नाही, ‘आपोआप थांबलं’ म्हणतं, असं सगळं. तिसऱ्या दिवशी मला तेलाच्या बाटलीचं वजन करायचं होतं म्हणून मी ती हातात घेतली, तर नुकतंच फोडलेलं सील अजून तोंडाशी लोंबत होतं. मिठाच्या डब्यात मिठाचा दगड झालेला, तो त्यांनी घड्याळाच्या हातोडीने फोडून वापरला होता. मी ज्या ताटात जेवलो त्याच्या खाली दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. आणि गॅसच्या टाकीला बांधलेल्या चिठ्ठीवर टाकी जोडल्याची तारीख होती ती सोळा महिन्यांपूर्वीची. मी टाकी हलवून पाहिली, अजून चांगली जड होती.

तक्त्यातला शेवटचा प्रश्न असतो, एरवीचा आहार असाच असतो का? मी विचारला. त्यांनी एका घड्याळाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

‘असंच,’ म्हणाले. ‘असंच असतं.’

मी ‘होय’वर खूण केली. जिना उतरलो तर खाली इस्त्रीवाली बाई कोळसे फुंकत होती. तिने विचारलं, ‘वर कोणी राहायला आलंय का हो? तीन दिवस फोडणीचा वास येतोय.’

म्हटलं, नाही, घड्याळजीच आहेत.

‘ते कुठलं करायला! सकाळी चहात पाव, संध्याकाळी चहात पाव. बायको गेल्यापासून दोन वर्षं बघतेय मी.’

आत्या, मी काय केलं सांगू? पुढे गेलो. शेजाऱ्यांची ऐकीव माहिती नोंदवू नये असं कलम आहे, ते मी स्वतःला म्हणून दाखवलं, आणि शेजारच्या घरी बारा वाजता पातेलं उतरणार होतं म्हणून पाय उचलले. पिशवी त्या दिवशी नऊ किलोंपेक्षा जड लागत होती. पण पुढे गेलो, हे खरं.

तीन आठवड्यांनी दोन कागद एकाच आठवड्यात आले. पहिला कचेरीच्या फळ्यावर लागला. या पाहणीवरूनच आमच्या भागात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी दुपारचं भोजनकेंद्र निघणार होतं. ज्यांचा आहार ठरावीक मर्यादेखाली, त्यांचीच नावं यादीत. घड्याळजींच्या नावापुढे शिक्का होता, ‘आहार पुरेसा’. मर्यादेच्या चारशे कॅलरी वर. त्या चारशे कॅलरी कोणासाठी शिजल्या होत्या ते मला माहीत होतं, कारण त्याच पातेल्यातलं दुसरं ताट माझ्या अंगावर होतं. दुसरा कागद संगणक कक्षाकडून माझ्या टेबलावर आला. त्यात लिहिलं होतं की चौदापैकी अकरा घरांत पुरुष, वय एकोणपन्नास, बैठं काम, अशी एकच व्यक्ती जेवल्याचं दिसतं; बारा तारखेला ती व्यक्ती सव्वाबाराला एका घरी आणि एक वाजून पाच मिनिटांनी शेजारच्या घरी जेवली आहे; सर्व घरी तिने दही दोनदा घेतलं आहे; तरी सदर पाहुण्याची ओळख पटवून आठ दिवसांत खुलासा करावा.

मी कागद उपडा ठेवला. नाडी मोजली, एकशे आठ. पुन्हा मोजली, एकशे चौदा, मग मोजणं सोडून दिलं. नोकरी जाणार, हे मी धरूनच चाललो. घरी काय सांगायचं? मला कामावरून काढलं ते पैसे खाल्ले म्हणून नाही, दही खाल्लं म्हणून? शेजारच्या टेबलावरचा सहकारी (प्रत्येक अडचणीवर तोडगा काढतो म्हणून आम्ही त्याला तोडगे म्हणतो) कानाशी लागला. म्हणाला, सोपं आहे. पाहुणा खोडून टाक. आलाच नाही. कोण विचारतंय?

मला ते इतकं पटलं की मी खोडरबर हातात घेतलं होतं. पहिल्या तीन घरांतला पाहुणा गेलासुद्धा. मग बेरीज करायला घेतली, सवयीने, आणि हात थांबला. पाहुणा खोडला की त्याने खाल्लेलं अन्न हवेत जात नाही, आत्या. ते घरच्या माणसांच्या नावावर चढतं. शिंपीणबाईंकडे पाच माणसं, त्यांच्यात ते वाटून गेलं असतं. घड्याळजींकडे वाटून घ्यायला कोणी नव्हतं. माझी सगळी ताटं त्यांच्या एकट्याच्या पोटात गेली असती आणि चहात पाव बुडवणारा तो माणूस आमच्या कागदावर दिवसाला तीन हजार कॅलरी खाणारा पैलवान ठरला असता. मी खोडलेले तीन पाहुणे पुन्हा लिहिले, पेनाने, आणि मॅडमच्या दारावर टकटक केली.

‘पाहुणा मी आहे,’ मी म्हटलं.

मॅडमनी तक्ता खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, लावला. ‘चौदापैकी अकरा घरं,’ म्हणाल्या. ‘बाकीच्या तीन घरांनी काय घोडं मारलं होतं?’

‘त्यांनी विचारलं नाही, मॅडम.’

त्यांनी तक्ता पुन्हा उचलून तोंडासमोर धरला. त्यांचा खांदा जरा हलला, पण तो रागाने की कशाने ते बघायची माझी छाती झाली नाही. मग मी घड्याळजींबद्दल सगळं सांगितलं. सील, मीठ, ताटाखालची चिठ्ठी, सोळा महिन्यांची टाकी, आणि इस्त्रीवाली. आणि हेही सांगितलं की हे सगळं कळल्यावर मी ‘होय’वरची खूण तशीच ठेवून निघून आलो होतो. ते मात्र मी त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघून सांगितलं.

मॅडम म्हणाल्या, भावनेवर तक्ता बदलता येत नाही, फेरपाहणी होईल. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्याने लागलेल्या मुलीला पाठवलं, चोवीस वर्षांची, अतिशय काटेकोर, कलम सात पाठ असलेली. ती दोन तासांनी परत आली आणि खुर्चीत बसून पट्टा एक भोक सैल करत म्हणाली, ‘ते ऐकतच नाहीत.’ तिच्या तक्त्यात भात, डाळ, अर्धं अंडं आणि एक पाहुणा, स्त्री, वय चोवीस. आहार पुरेसा. मी डोकं धरलं. आम्ही जितके मोजायला जाऊ तितके ते शिजवणार, आणि जितके ते शिजवणार तितके यादीतून बाहेर जाणार. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण ते शितच परीक्षेसाठी शिजवलेलं असेल तर?

शेवटी मॅडम स्वतः गेल्या. सूचना नाही, पत्र नाही, पिशवीसुद्धा नाही. दुपारी साडेबाराला सरळ जिना चढल्या. पुढचं त्यांनी मला सांगितलं नाही, घड्याळजींनी नंतर सांगितलं. ते खिडकीशी उभे होते, पुढ्यात वर्तमानपत्रावर पाव आणि कपात चहा. मॅडमना बघून त्यांनी वर्तमानपत्राची घडी पावासकट मिटली, ‘बसा, बसा, वीस मिनिटांत होतं,’ म्हणाले आणि गॅस पेटवायला धावले. मॅडम बसल्या. वीस मिनिटं बसल्या, आणि मग आणखी एक तास.

त्या परत आल्या तेव्हा मी त्यांच्या दाराबाहेर फायली उगाच इकडच्या तिकडे करत होतो. त्यांनी मला आत बोलावलं आणि तक्ता पुढे सरकवला. पाहुण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, स्त्री, वय छप्पन्न, बैठं काम. आणि खाली शेऱ्याच्या जागी, जिथे एरवी ‘काही नाही’ असं लिहितात, तिथे त्यांच्या बारीक अक्षरात, सही आणि शिक्क्यासह: ‘या घरी पाहुणा आला तरच अन्न शिजते. पाहुण्यांचे दिवस वगळून आहार धरावा.’

‘संगणक कक्षाला काय सांगायचं?’ मी विचारलं.

‘सांगा, पाहुणे वाढले.’

नाव यादीत लागलं. मला वाटलं, संपलं. कुठलं! घड्याळजींनी केंद्राचा घरपोच डबा घ्यायला साफ नकार दिला. दारात ठेवून जातात तो डबा म्हणजे वर्तमानपत्र, म्हणाले, आणि मला कोणाचं फुकट नको. मी जिन्यावर उभा राहून अर्धा तास समजावलं. (आत गेलो नाही. आत गेलो असतो तर त्यांनी गॅस पेटवला असता.) शेवटी खालून इस्त्रीवाली ओरडली, ‘डबा नको तर केंद्रावर जाऊन बसा की! चार माणसांत जेवाल!’ त्यावर त्यांनी दार लावून घेतलं. मी पराभूत होऊन घरी आलो. पण सोमवारी ते गेले. त्यानंतर रोज जातात. मागच्या शनिवारी मी मुद्दाम त्या बाजूने गेलो होतो. लांब टेबलाच्या टोकाला बसून ते स्वयंपाकिणीला सांगत होते की भात चार मिनिटं जास्त झाला आहे, आणि ती बाई कंबरेवर हात ठेवून भांडत होती, आणि आजूबाजूचे सगळे म्हातारे भात खाता खाता पक्ष घेत होते. मला बघून म्हणाले, बसा. मी फक्त पाणी प्यालो. (दही नव्हतंच.)

माझं म्हणशील तर नोकरी राहिली. पुन्हा टेबलावर बसवलं आहे आणि पाहणीच्या घरांत पाऊल टाकायला कायमची बंदी आहे. लेखी ताकीद मिळाली, आणि नियमाप्रमाणे तिची एक प्रत घरच्या पत्त्यावर आली. सोबत जोडपत्र: सदर पाहुण्याने सेवन केलेल्या अन्नाचा तपशील, घरवार. ती तुझ्या भाचेसुनेने उघडली. तिने बेरीज केली. अकरा घरं, तीन दिवस, एकोणीस किलो आठशे ग्रॅम. मग पायात चपला घातल्या, आत्या. बाजारात जाऊन एक काटा घेऊन आली. आता तो आमच्या ओट्यावर आहे.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला शेक दे. थेंब घाल.

तुझा
वाळत चाललेला भाचा

ता. क. आता मुद्द्याचं. तू महिनाभर इकडे राहायला ये. माझी काळजी वाटते म्हणून ये असं म्हणणार नाही, उगाच तुझा जीव टांगणीला नको. पण आमच्याकडेही आता पाहुणा आला तरच काही शिजण्यासारखं शिजेल. तुझ्यासमोर ती माझं ताट काट्यावर ठेवणार नाही, तेवढी तिला तुझी भीड आहे. महिना नाही तर पंधरा दिवस ये. आठवडा तरी. आणि हा ता. क. वाचून झाल्यावर फाडून टाक.

ता. क. २. आत्या, नमस्कार. पत्र टपालात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं आणि पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. (चिकटवलेलं असतं तरी वाचलं असतं.) दुधी आठवड्यातून दोनदाच असतो आणि काटा मी आणलेला नाही, हेच कचेरीतून उसना घेऊन आले आहेत आणि स्वतःचं स्वतः मोजतात. ते असो. ह्यांनी तुम्हाला जे लिहिलं नाही ते मी लिहिते. ते घड्याळजी भेटल्यापासून हे रोज संध्याकाळी तुम्हाला फोन करतात ना, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारतात, आज काय जेवलीस? फोन ठेवला की लहान वहीत लिहितात. काल वही मी बघितली. एकेचाळीस दिवसांच्या तारखा आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे तुमचे तेच दोन शब्द, ‘झालं की’. एकाही दिवशी पदार्थाचं नाव नाही. आतोबा गेल्यापासून तुम्ही एकट्या, आम्हीही विचारायला उशीरच केला. गुरुवारी हे न्यायला येत आहेत, रजा मंजूर झाली आहे, तेव्हा नको म्हणू नका. मागची खोली झाडून ठेवली आहे, खिडकीशी तुमच्यासाठी उंच खुर्ची आहे. आणि हे यायचे म्हणून गुरुवारी काही करत बसू नका. किंवा नाही, कराच. दोघांचं करा आणि ह्यांच्यासोबत बसून जेवून मग निघा.